एम.व्ही.एस्सी.ला पॅथॉलॉजी मिळालंय: पहिल्या वर्षात हात कशावर बसवावा?

नवा_पॅथो

नमस्कार मंडळी. बी.व्ही.एस्सी. संपलं, आता माफसूमध्ये (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) एम.व्ही.एस्सी.साठी पशुविकृतीशास्त्र, म्हणजे आपलं पॅथॉलॉजी (रोगाने अवयवांत काय बदल होतात त्याचा अभ्यास), मिळालं आहे. विषय मागून घेतलाय, उरला म्हणून नाही. चार सेमिस्टरमध्ये कोर्सवर्क, सिनॉप्सिस आणि थिसिस बसवायचं म्हणजे वेळ कमीच आहे, म्हणून आधीच विचारतो.

पहिल्या सहा महिन्यांत कशावर जास्त जोर द्यावा: पोस्टमॉर्टेम, हिस्टो टेक्निक (अवयवांचे पातळ काप करून रंगवणं) की स्लाइड वाचणं? सध्या सरावासाठी शेळीची फुप्फुसं आणि आतडी घेऊन मेणाचे ब्लॉक करतोय. आतड्याच्या स्लाइडवर विलायचे (आतल्या बाजूच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांचे) नुसते देठ दिसतात, वरची एपिथेलियम (पेशींचा वरचा थर) गायब. केंद्रकं फिकी येतात आणि सेक्शनमध्ये उभ्या रेघा पडतात. चूक नक्की कुठे होतेय? थिसिसचा विषय कसा निवडावा आणि पुढे वाटा कोणत्या, यावरही लिहा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, सगळं वाचीन.

गोदाकाठ

अभिनंदन. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिलीचं उत्तर मायक्रोटोमपाशी (काप करायच्या यंत्रापाशी) सापडणार नाही, ते मेलेल्या जनावरापाशी आहे. विलायची एपिथेलियम मृत्यूनंतर काही तासांत सुटायला लागते. उन्हाळ्यात, त्यातही विदर्भ-मराठवाड्यात, त्याहून लवकर. रवंथ करणाऱ्या जनावराच्या रुमेनमध्ये (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) आंबण्याची क्रिया मेल्यावरही चालूच राहते, त्यामुळे शव आतून तापतं. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि आतड्याचा आतला थर आधी विरघळतात. स्नायू, त्वचा आणि फुप्फुस त्या मानाने तग धरतात. म्हणून पोट उघडल्यावर क्रम असा ठेवा: हात लावण्याआधी जीवाणू तपासणीचे नमुने निर्जंतुक कात्रीने घ्या, लगेच आतड्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून फॉर्मॅलिनमध्ये सोडा आणि मग बाकीचे अवयव निवांत बघा. आतडं सगळं उघडून बघणं मात्र शेवटी, नाहीतर त्यातली घाण सगळीकडे पसरते.

आतड्याचा तुकडा घेताना आतला थर बोटाने पुसू नका, नळाखाली धरू नका. तो एका बाजूने उघडून जाड कागदावर बाहेरची बाजू खाली ठेवून पसरा आणि कागदासकट सोडा, म्हणजे गुंडाळी होत नाही. न उघडता सोडायचा असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने आत फॉर्मॅलिन भरा. बंद नळी तशीच टाकली तर फॉर्मॅलिन आतल्या थरापर्यंत पोचेपर्यंत तो थर गेलेला असतो. खाटिकखान्यातून आणलेली आतडी दोन तास प्लास्टिकच्या पिशवीत आली असतील तर तुम्ही कितीही छान रंगवा, देठच दिसणार.

आता फॉर्मॅलिन. बाजारात मिळणारं द्रावण ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं असतं. त्याचे १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे झालं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असतं. हा हिशेब न कळल्यामुळे अडीचपट तीव्र द्रावण करणारे बरेच भेटतात. पीएच ७ च्या आसपास हवा. बफर न घालता नुसतं पाणी मिसळलं तर द्रावण हळूहळू आम्ल होतं आणि रक्ताळ अवयवांत, प्लीहेत विशेषतः, काळपट-तपकिरी कण बसतात. नवखा माणूस त्याला हिमोसिडेरिन (रक्तातलं साठलेलं लोह) समजतो. लोह दाखवणारं पर्ल्स स्टेन केलं की फरक कळतो: हिमोसिडेरिन निळं होतं, फॉर्मॅलिनचा कण होत नाही. पोलराइज्ड प्रकाशातही तो कण चमकतो.

तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड, फार तर एक. द्रावण तुकड्यांच्या दहापट. फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर आत जातं आणि पुढे आणखी मंदावतं. अख्खं मूत्रपिंड बरणीत टाकलं तर बाहेरून कडक आणि आतून कुजलेलं मिळतं. फुप्फुस तरंगतं, म्हणून वर गॉझ किंवा फिल्टर पेपर टाका. अरुंद तोंडाची बाटली वापरू नका. मऊ असताना आत गेलेला तुकडा कडक झाल्यावर बाहेर येत नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये पुसते आणि झाकणावरची चिठ्ठी झाकणाबरोबर दुसऱ्या बरणीवर जाते. शव लगेच उघडता येत नसेल तर ४ अंशांवर ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि ती स्लाइड वाचण्याजोगी राहत नाही.

आणखी एक, आणि हे फार कमी जण सांगतात: ब्लड स्मिअर किंवा इम्प्रेशन स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त किंवा अवयवाचा ठसा) फॉर्मॅलिनच्या बरणीबरोबर एकाच डब्यात पाठवू नका. नुसत्या वाफेनेही जिम्साचा रंग नीट चढत नाही.

सह्याद्रीची_शेळी

गोदाकाठ यांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण त्याआधीची पायरी सुटली: कोणतं शव उघडायचंच नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे सर्वांत आधी पाठ करावं, म्हणून जरा ठासून लिहिते.

अचानक मेलेलं जनावर, नाका-गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त, पोट भराभर फुगलेलं, शव नीट ताठरलेलं नाही: काळपुळी (अँथ्रॅक्स) समजायची आणि सुरी खाली ठेवायची. आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन स्मिअर करायचा. टोचलेल्या जागी कापसाचा बोळा घट्ट दाबायचा. जुन्या पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवल्यावर चौकोनी टोकांचे निळे दांडके आणि त्यांच्याभोवती गुलाबी कवच दिसलं तर शव उघडायचं नाही. जनावराच्या अंगात हा जीवाणू स्पोअर (टिकाऊ बीजाणू) करत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की करतो आणि ते स्पोअर मातीत कित्येक वर्षं टिकतात. एका चुकीच्या पोस्टमॉर्टेमने गावाचं कुरण खराब होतं. शव जाळा किंवा किमान सहा फूट खोल, चुना टाकून पुरा. डुकरात मात्र रक्ताचा स्मिअर निगेटिव्ह येऊ शकतो, तिथे घशाच्या सुजलेल्या गाठीतून स्मिअर घ्या.

कोंबड्या एकदम मोठ्या संख्येने मरत असतील, तुरे निळे पडले असतील, तर "मानमोडी (राणीखेत) असेल, उघडून बघू" असं करू नका. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्येच सापडला. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं, कॉलेजच्या टेबलावर नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजूला मेलेलं माकड आलं तर क्यासनूर फॉरेस्ट डिसीज (गोचिडीतून माणसाला होणारा माकडताप) डोक्यात ठेवा. अंगावरच्या गोचिड्यांसकट ते शव धोक्याचं.

रेबीज. कोर्स सुरू होण्याआधी लस घ्या: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. अँटिबॉडी मिलीला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिटच्या वर आहेत का ते तपासून घ्या. पुढे चावा किंवा ओरखडा झाला तर ० आणि ३ व्या दिवशी दोन डोस, इम्युनोग्लोब्युलिनची गरज नाही. पण जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुणं कधीच टळत नाही. गाय-म्हैस घशात काहीतरी अडकल्यासारखी लाळ गाळत होती असा इतिहास असेल तर तेही रेबीजच धरून चाला. कवटी उघडताना विजेची करवत वापरली की हवेत तुषार उडतात. हाताची करवत, चेहऱ्यावर शील्ड, दुहेरी ग्लोव्हज आणि मध्ये कट-रेझिस्टंट ग्लोव्ह. तपासणीला ब्रेनस्टेम आणि सेरेबेलम हवं, ताजं, बर्फावर किंवा ५० टक्के ग्लिसरॉल सलाइनमध्ये. फ्लुरोसंट अँटिबॉडी टेस्ट हीच मुख्य. निग्री बॉडी (रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे गोल ठिपके) कुत्र्यात हिपोकॅम्पसमध्ये शोधा, गाईत सेरेबेलमच्या परकिंजे पेशींत. सापडल्या तर उत्तम, न सापडल्या म्हणून रेबीज नाही असं म्हणता येत नाही.

गर्भपाताचा गर्भ उघडताना ब्रुसेलाची (माणसालाही लागणाऱ्या जीवाणूची) भीती तितकीच खरी. ग्लोव्हज आणि एन-९५ असल्याशिवाय जार हातात घेऊ नका.

निळं_केंद्रक

उरलेल्या दोन तक्रारींवर लिहितो, म्हणजे फिकी केंद्रकं आणि उभ्या रेघा.

उभी रेघ म्हणजे ब्लेडला खाच किंवा ब्लॉकमध्ये काहीतरी टणक. ब्लेड एका बाजूला सरकवून नवीन भाग वापरा. रेघ गेली तर ब्लेडचा दोष होता, त्याच जागी राहिली तर ब्लॉक बघा. शेळीच्या आतड्यात वाळू आणि चाऱ्याचे कण असतात, फुप्फुसात कधी चुना साठलेला असतो. चुना असेल तर ब्लॉकचा चेहरा काही मिनिटं ५ टक्के फॉर्मिक ॲसिडवर उलटा ठेवून, धुऊन कापा. आडव्या, ठरावीक अंतराच्या पट्ट्या आल्या, खिडकीच्या पट्ट्यांसारख्या, तर ब्लेड किंवा ब्लॉकचा स्क्रू सैल आहे, नाहीतर तुकडा अल्कोहोलात आणि गरम मेणात जास्त वेळ राहून ठिसूळ झालाय. एक सेक्शन जाड आणि एक पातळ येत असेल तरी आधी स्क्रूच बघायचे. सेक्शन आखडून येत असेल तर ब्लॉक कोमट आहे, बर्फाच्या लादीवर उलटा ठेवा. मधलाच भाग खड्डा पडून निघून जात असेल तर मेण आत गेलेलं नाही. तो ब्लॉक वितळवून मागे जावं लागतं, कापत राहून काही होत नाही.

हाताने प्रोसेसिंग करत असाल तर माझ्या मते हे पुरतं: ७०, ८०, ९० आणि ९५ टक्के अल्कोहोल एकेक तास, ॲब्सोल्यूट दोन वेळा एकेक तास, झायलीन दोन वेळा पाऊण-पाऊण तास, मेण तीन वेळा एकेक तास. मेणाचा वितळबिंदू ५८ ते ६० असेल तर ओव्हन त्याच्या वर दोन-तीन अंशच ठेवा. झायलीनमध्ये तुकडा काचेसारखा पारदर्शक दिसला पाहिजे. मध्ये दुधाळ ठिपका राहिला तर पाणी उरलंय. ॲब्सोल्यूट खरंच ॲब्सोल्यूट आहे का ते पाहायला बाटलीत थोडं निर्जल कॉपर सल्फेट टाका. पांढरी पूड निळी झाली की त्यात पाणी आलंय, ती बाटली ९५ च्या जागी वापरा.

सेक्शन ४ ते ५ मायक्रॉन, मूत्रपिंडाचं ग्लोमेरुलस बघायचं असेल तर २ ते ३. वॉटर बाथ ४५ अंशांच्या आसपास. जास्त गरम झाला की सेक्शन पसरून पेशींमध्ये फटी पडतात आणि नवखा डोळा त्याला इडिमा (पाणी साठून आलेली सूज) म्हणतो. बाथच्या पृष्ठभागावर प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपर फिरवा. आधीच्या कुत्र्याच्या ट्यूमरचा तुकडा तुमच्या शेळीच्या स्लाइडवर येऊन बसला तर निदान तिथेच फसतं.

रंगाचं बघू. केंद्रकं फिकी येण्याची चार कारणं: तुकडा कुजलेला होता, मेण पूर्ण निघालं नव्हतं, हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकं निळी करणारा रंग) दमलंय किंवा ॲसिड अल्कोहोलमध्ये जास्त बुडवलं. हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन रोज गाळून घ्या, वर तवंग येतो तोच सेक्शनवर निळे-काळे ठिपके पाडतो. ५ ते ८ मिनिटं ठेवा, धुवा, ७० टक्के अल्कोहोलातल्या १ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये एक ते तीनदा बुडवून लगेच काढा. इथे घड्याळ नाही, सूक्ष्मदर्शक बघायचा: केंद्रक ठसठशीत आणि पेशीद्रव जवळजवळ रंगहीन. मग नळाच्या पाण्यात दहा मिनिटं, तांबूस रंग निळा होईपर्यंत. हे निळं होणं अल्कली पाण्यामुळे होतं. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यात छान होतं, आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात होत नाही. नवीन इमारतींत नळाला आरओ जोडलेला असतो आणि सगळे हिमॅटॉक्सिलिनला दोष देत बसतात. तिथे ०.२ टक्के अमोनियाचं पाणी वापरा, काही सेकंद पुरे.

इओसिन (बाकी सगळं गुलाबी करणारा रंग) १ टक्का, त्यात ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब, एक ते दोन मिनिटं. पाणी आणि कमी टक्क्यांचं अल्कोहोल इओसिन ओढून घेतं, म्हणून नंतर रेंगाळू नका, सरळ ९५ मध्ये जा. चांगल्या स्लाइडवर इओसिनच्या तीन छटा दिसतात: लाल पेशी भडक, स्नायू गुलाबी, कोलॅजन फिकट गुलाबी. सगळंच एकसारखं गुलाबी असेल तर ते परत करा. कव्हरस्लिप लावण्याआधी सेक्शन क्षणभर जरी वाळलं तरी केंद्रकांवर तपकिरी-काळे चमकते ठिपके येतात. त्याला पिगमेंट म्हणू नका. स्लाइड झायलीनमध्ये ठेवून कव्हरस्लिप उतरवा, पाण्यापर्यंत मागे नेऊन पुन्हा वर आणा, ठिपके जातात.

नवा_पॅथो

खूप आभार. आतड्यांचं कळलं, मी तुकडे पिशवीतूनच आणत होतो. आणि आमच्या नळाला खरंच आरओ आहे, उद्याच अमोनियाचं पाणी करून बघतो.

अजून एक अडचण. पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टमध्ये माझं सगळं "कंजेस्टेड" होतं. फुप्फुस कंजेस्टेड, यकृत कंजेस्टेड, मूत्रपिंड कंजेस्टेड. सर म्हणतात, यातून काहीच कळत नाही. मग लिहायचं कसं?

दुर्बीण

तुझे सर बरोबर म्हणतात. आणि हाच खरा अभ्यासक्रम आहे. स्टेनिंग तीन महिन्यांत हाताला येतं, पाहिलेलं शब्दांत नेमकं मांडायला दोन वर्षं लागतात.

आधी "कंजेस्टेड" मधलं बरंचसं मेल्यानंतरचं असतं हे ओळखायला शीक. जनावर डाव्या कुशीवर पडून मेलं तर डावं फुप्फुस आणि डावं मूत्रपिंड जास्त लाल असणारच, रक्त खाली उतरतं. आतड्याच्या जवळचं यकृत हिरवट-काळं पडणं म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आणि रक्तातलं लोह, रोग नाही. हृदयातला गुळगुळीत, चकाकणारा, कोंबडीच्या चरबीसारखा पिवळा गोळा सहज निघून आला तर ती मेल्यानंतरची गुठळी. खरा थ्रॉम्बस (जिवंतपणी झालेली गुठळी) कोरडा, ठिसूळ आणि भिंतीला चिकटलेला असतो. गाय पोटफुगीने मेली का, हे फुगलेल्या पोटावरून ठरवू नकोस, मेल्यावर सगळ्याच फुगतात. अन्ननलिका उभी चिरून बघ: मानेतला भाग लालबुंद आणि छातीतला भाग पांढुरका, मध्ये स्पष्ट रेघ, तर पोटफुगी जिवंतपणीची. आंत्रविषारातल्या (मेंढ्यांना आतड्यातल्या जीवाणूच्या विषाने होणाऱ्या रोगातल्या) मऊ मूत्रपिंडाचंही तसंच. शव ताजं असेल तरच त्या लक्षणाला अर्थ आहे, सहा तासांनी प्रत्येक मेंढीचं मूत्रपिंड मऊच लागतं.

आता वर्णन. शेळीचं फुप्फुस समोर आहे असं धर. तू लिहिलंस: "फुप्फुस कंजेस्टेड, न्यूमोनिया." त्याऐवजी असं लिही:

"दोन्ही फुप्फुसांच्या पुढच्या-खालच्या खंडांचा सुमारे ४० टक्के भाग गडद लाल ते करडा, घट्ट, हाताला यकृतासारखा लागतो. निरोगी भागापासून कडा स्पष्ट, पृष्ठभाग किंचित खोल. कापल्यावर दाबलं असता लहान श्वासनलिकांतून पिवळसर-पांढरा घट्ट पू येतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडतो. मागचे-वरचे खंड गुलाबी, स्पंजसारखे, दाबल्यावर करकरतात."

यात जागा, प्रमाण, रंग, कडा, स्पर्श, कापल्यावर काय निघतं, हे सगळं आलं. रोगाचं नाव एकदाही आलं नाही, तरी वाचणाऱ्याला चित्र दिसतं. त्याखाली एका ओळीत मॉर्फोलॉजिकल निदान (नुसत्या दिसणाऱ्या बदलांवरून केलेलं): फुप्फुस, पुढचे-खालचे खंड, तीव्र, पूयुक्त ब्राँकोन्यूमोनिया. अवयव, प्रकार, जुनेपणा, पसारा, ही चौकट प्रत्येक वेळी भर. पसारा फार बोलका असतो. पुढचा-खालचा भाग धरला म्हणजे कारण श्वासातून आलं. दोन्ही फुप्फुसांत सगळीकडे विखुरलेल्या गाठी म्हणजे रक्तातून आलं. संपूर्ण फुप्फुस सारखंच जड, रबरासारखं, फासळ्यांचे ठसे उमटलेलं, म्हणजे विषाणू किंवा विषारी कारणाने इंटरस्टिशियमला (वायुकोशांमधल्या भिंतींना) धक्का बसला.

"थोडं", "बरंच", "लहान" हे शब्द रिपोर्टमधून काढून टाक. पट्टी आणि वजनकाटा टेबलावरच असावा. "छातीत द्रव भरपूर" नको; "छातीत सुमारे ३०० मिली पिवळसर, गढूळ द्रव, त्यात फायब्रिनचे धागे" हवं. फोटो काढताना पट्टी आणि केस नंबर शेजारी ठेव, रक्त टिपून घे, पाठीमागे निळा किंवा काळा कापड घाल.

तुकडा घेताना रोगट आणि निरोगी भागांची सीमा त्यात आली पाहिजे. नुसत्या गाठीच्या मधोमध घेतलं तर स्लाइडवर फक्त मेलेला मलबा दिसतो. वरच्या शेळीत पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) शंका असेल तर फुप्फुसाबरोबर जीभ, हिरडी, पेयर्स पॅचेस (आतड्यातल्या लसीका पेशींचे पुंजके) आणि गुदाशय घे. गुदाशय उभा चिरून घड्यांवर लाल पट्टे आहेत का बघ. स्लाइडवर ब्राँकिओलच्या एपिथेलियममध्ये अनेक केंद्रकांच्या जोडपेशी आणि इओसिन घेतलेल्या इन्क्लूजन (विषाणूमुळे पेशीत दिसणारे गोळे) सापडल्या की पू हा नंतरच्या जीवाणूंचा, मूळ कारण विषाणूचं, असा पूर्ण क्रम मांडता येतो.

रोज एक स्लाइड घे, केसचा इतिहास झाकून ठेव, आधी नुसत्या डोळ्याने उजेडात धरून बघ, मग ४ च्या लेन्सवर पूर्ण फिर, तेव्हाच ४० वर जा. दहा ओळी लिही आणि मग इतिहास उघड. सीनियर सोबत असेल तर त्याने आधी बोलायचं नाही असं ठरवून घ्या.

गोदाकाठ

दुर्बीण मॅडमच्या प्रतिसादात एक भर. पोस्टमॉर्टेमला गाय-म्हैस-शेळी डाव्या कुशीवर ठेवा, म्हणजे रुमेन खाली राहतं. घोडा उजव्या कुशीवर, त्याचं मोठं सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) खाली जातं. कुत्रं पाठीवर. पहिल्याच केसला रुमेन वर आलं तर अर्धा तास नुसतं ते उचलण्यात जातो.

विषबाधेची शंका असेल तर फॉर्मॅलिन विसरा. पोटातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत, संपृक्त मिठाच्या पाण्यात, सीलबंद, आणि त्याच मिठाच्या पाण्याचा नमुना वेगळा. न्यायालयीन केस असेल तर सीलचा ठसा आणि ताबा कोणी कोणाला दिला याची नोंद नसली की विश्लेषणाचा अहवाल टिकत नाही. बिबट्या-वाघाच्या केसमध्ये वन विभागाच्या परवानगीशिवाय एकही तुकडा डिपार्टमेंटमध्ये ठेवू नका, मिशीचा केससुद्धा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

निळं_केंद्रक

थिसिसवर. विषय निवडताना "कोणता रोग आवडतो" यापेक्षा "बारा महिन्यांत किती शवं येतील" हे मोजा. डिपार्टमेंटचं मागच्या तीन वर्षांचं पोस्टमॉर्टेम रजिस्टर घ्या आणि अवयववार, महिनावार आकडे काढा. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात, १८८६ सालच्या, कुत्र्या-मांजरांचे ट्यूमर जास्त मिळतात आणि शहरात देवनारचा कत्तलखाना आहे. नागपूरला वन्यजीव, उदगीर-परभणीला देवणी, लाल कंधारी गाई आणि उस्मानाबादी शेळ्या. शेळ्यांच्या फुप्फुसांवर काम करायचं तर खाटिकखान्यातून आठवड्याला ठरावीक नमुने मिळतात, साथीच्या रोगावर करायचं तर साथ येईलच याचा भरवसा नाही. २०२२ ला लम्पीची साथ होती म्हणून पुढच्या वर्षी तोच विषय घेतला आणि नमुने आलेच नाहीत, असं होतं.

प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी प्रयोगाआधी हवी, नंतरची चालत नाही. उंदरांची संख्या का तेवढी, हे सांख्यिकीच्या आधाराने लिहावं लागतं.

कुत्रीच्या स्तनाच्या गाठी घेतल्या तर दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा. पूर्ण गाठ मागवा, कडेला शाई लावा आणि मगच समांतर काप करा, नाहीतर कडेपर्यंत पेशी पोचल्या का हे सांगता येत नाही. आणि मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) मोजताना "दहा हाय पॉवर फील्ड" असं नुसतं लिहू नका. प्रमाण क्षेत्र २.३७ चौरस मिलिमीटर. आयपीसवर फील्ड नंबर (दिसणाऱ्या वर्तुळाचा आकार सांगणारा आकडा) २२ असेल तर ४० च्या लेन्सला व्यास ०.५५ मिमी, म्हणजे दहा फील्ड बरोबर बसतात. नंबर २० असेल तर बारा आणि १८ असेल तर पंधरा फील्ड मोजावी लागतात. जुन्या कॉलेजातल्या पुष्कळ सूक्ष्मदर्शकांना १८ असतो. दहाच मोजलीत तर दीडपट चुकता आणि ग्रेड एका पायरीने खाली येऊ शकतो.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून सेक्शनमधलं ठरावीक प्रथिन रंगवणं) करायची ठरवली असेल तर ते नमुना घेतानाच ठरवा. २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला तुकडा अँटिजेन लपवतो. सायट्रेट बफर, पीएच ६, प्रेशर कुकर, हे करून थोडं परत मिळतं, सगळं नाही. चार्ज्ड स्लाइड घ्या, साध्या स्लाइडवरून सेक्शन कुकरमध्ये तरंगून जातं. अँटिबॉडी माणसासाठी बनवलेली असते, म्हणून त्याच प्रजातीचा पॉझिटिव्ह कंट्रोल आधी चालवून बघा आणि मगच पैसे भरा.

दुर्बीण

वाटांबद्दल तू विचारलंस म्हणून. अध्यापनात जायचं तर नेट आणि पीएच.डी. बरेलीच्या आयव्हीआरआयमध्ये (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत) पॅथॉलॉजीची पीएच.डी. आहे. ही संस्था मुळात १८८९ साली पुण्यात सुरू झाली होती, नंतर मुक्तेश्वरला आणि पुढे इज्जतनगरला गेली. पशुधन विकास अधिकारी व्हायचं तर एमपीएससी, आणि तिथेही पोस्टमॉर्टेम नीट येणारा माणूस तालुक्याला फार उपयोगी. पुण्याला औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पश्चिम विभागाची आहे, तिथलं काम जाऊन बघ.

औषध कंपन्यांची आणि करारावर चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांची टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजी ही वेगळी दुनिया आहे. तिथे रोग नाही, डोस असतो. ९० दिवसांच्या अभ्यासात उंदरांचे किमान चार गट, प्रत्येकी दहा नर, दहा माद्या, म्हणजे ८० प्राणी. कंट्रोल आणि सर्वांत जास्त डोसच्या गटांचे सगळे अवयव वाचायचे. तिथे पगार बरा, पण रोज तेच उंदराचं यकृत चिकाटीने वाचता आलं पाहिजे आणि प्रत्येक बदलाचं नाव ठरलेल्या यादीतलंच वापरावं लागतं. आत्तापासून निरोगी उंदराच्या स्लाइड बघत जा, वयाबरोबर मूत्रपिंडात आणि हृदयात आपोआप काय होतं ते माहीत असल्याशिवाय औषधाचा दोष सांगता येत नाही.

परदेशाचा विचार असेल तर एक गोष्ट स्पष्ट असू दे. अमेरिकेत पदवीनंतर साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि मग बोर्डाची परीक्षा असा मार्ग आहे. आपलं एम.व्ही.एस्सी. ही रेसिडेन्सी धरली जात नाही, पण तू केलेल्या पोस्टमॉर्टेमची आणि वाचलेल्या बायोप्सीची नीट नोंदवही असेल तर अर्जाला वजन येतं. नोंदवही पहिल्या केसपासून ठेव: केस नंबर, प्रजाती, वय, मृत्यू आणि शव उघडणं यांत गेलेले तास, तुझं निदान, अंतिम निदान. शेवटचे दोन रकाने कुठे वेगळे निघाले ते दर महिन्याला बघ.

नवा_पॅथो

रजिस्टर उद्याच काढतो. सूक्ष्मदर्शकाचा फील्ड नंबर आत्ता बघितला, १८ आहे.

शेवटचा छोटा प्रश्न: ब्रॉयलरमध्ये व्हिसरल गाउटच्या (अवयवांवर युरिक ॲसिडचे क्षार, म्हणजे युरेट, साठण्याच्या) केस येतायत. हृदयावर, यकृतावर खडूसारखा थर स्पष्ट दिसतो, पण स्लाइडवर स्फटिक सापडत नाहीत, नुसत्या रिकाम्या जागा.

गोदाकाठ

युरेट पाण्यात विरघळतात आणि फॉर्मॅलिनमध्ये पाणी असतं. रिकाम्या जागा म्हणजे तिथे स्फटिक होते. पुढच्या केसला मूत्रपिंडाचा आणि हृदयावरच्या थराचा एकेक तुकडा सरळ ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये टाका, प्रोसेसिंगही ॲब्सोल्यूटपासून सुरू करा, सेक्शन कोमट पाण्यावर फार वेळ तरंगत ठेवू नका. मग एक सेक्शन न रंगवता पोलराइज्ड प्रकाशात बघा, सुयांसारखे चमकतील. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवरही असाच पांढरा थर असतो आणि तिथेही नमुना असाच घ्यावा लागतो. दुसरा तुकडा नेहमीसारखा फॉर्मॅलिनमध्ये हवाच, ट्यूब्यूलचं नेक्रोसिस त्यातच नीट दिसतं. दोन बरण्यांवर दोन वेगळ्या चिठ्ठ्या घाला. आणि अल्कोहोलच्या बरणीतली चिठ्ठी पेन्सिलनेच.